संकटात मदत कुणापर्यंत पोहोचते? अमेरिकेतल्या ज्यू संस्थांची पैसे उभे करण्याची पद्धत



या आठवड्याचा व्हिडिओ संकटकाळातल्या निधी उभारणीवर होता. त्यात ज्यू संस्थांचं उदाहरण मी तीन मिनिटांत उरकलं, कारण वेळच तेवढा होता. पण खरा माल तिथेच आहे. तुम्ही दुकान काढणार असाल, गृहउद्योग करत असाल, बचत गट किंवा छोटी संस्था चालवत असाल, तर हा लेख चहा घेऊन निवांत वाचा. लांब आहे, आधीच सांगते.

२७ ऑक्टोबर २०१८. शनिवार होता, म्हणजे ज्यू लोकांचा शब्बाथ, विश्रांतीचा आणि प्रार्थनेचा दिवस. अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहरात स्क्विरल हिल नावाची जुनी ज्यू वस्ती आहे. तिथल्या ‘ट्री ऑफ लाइफ’ सिनेगॉगमध्ये सकाळची प्रार्थना चालू असताना एक माणूस बंदूक घेऊन शिरला आणि त्याने ११ जणांचा जीव घेतला. त्या एकाच इमारतीत तीन वेगवेगळी प्रार्थना मंडळं भरायची. तिन्हींची माणसं गेली.

आता जरा व्यवहाराच्या अंगाने विचार करा. इमारत पोलिसांच्या ताब्यात. मंडळांचे पदाधिकारी स्वतःच्याच मित्रांच्या अंत्यविधीला उभे. जखमी हॉस्पिटलात, घरच्यांना रजा काढायची, कुणाला लांबून यायचंय, कुणाला औषधपाण्याचा खर्च. पैसे तर लगेच लागणार. पण अशा वेळी पैसे मागायला बसणार कोण?

तिथे ते काम शहरातल्या ज्यू फेडरेशनने अंगावर घेतलं. पीडितांसाठी वेगळा निधी उघडला आणि काही महिन्यांत त्यात ६३ लाख डॉलर जमले. शिवाय फेडरेशनच्या बाहेरही पेट्या उघडल्या गेल्या. अमेरिकेतल्या मुस्लिम संस्थांनी ऑनलाइन वर्गणी सुरू केली, पहिलं उद्दिष्ट फक्त २५ हजार डॉलरचं होतं, ते काही तासांतच पूर्ण झालं आणि आकडा पुढे दोन लाखांच्या वर गेला. वॉशिंग्टनमध्ये शिकणाऱ्या एका इराणी विद्यार्थ्याने, जो ज्यू नव्हता, इमारतीसाठी आवाहन केलं आणि दहा लाख डॉलरच्या वर रक्कम उभी राहिली.

लोक चांगले असतात, हे यातून दिसतंच. पण मला तुमचं लक्ष दुसरीकडे वळवायचंय. दरवर्षी जगात कितीतरी ठिकाणी आग लागते, पूर येतो, हल्ले होतात. दुःख सगळीकडे सारखंच असतं, मदत मात्र सारखी पोहोचत नाही. पिट्सबर्गच्या फेडरेशनला त्या शनिवारी दुपारी काहीही नव्याने उभारावं लागलं नाही. देणगीदारांची यादी होती, फोन करायची सवय असलेली माणसं होती, बँकेत खातं होतं आणि हिशेब दाखवायची शंभर वर्षांची सवय होती. संकट नवीन होतं, यंत्रणा जुनी होती.

ही यंत्रणा कशी बनली ते बघू.

एकच पेटी

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पूर्व युरोपातून ज्यू लोक मोठ्या संख्येने अमेरिकेत येत होते. हातात फारसं काही नाही, भाषा येत नाही. त्यांच्यासाठी प्रत्येक शहरात संस्था निघाल्या. कुणी अनाथाश्रम चालवायचं, कुणी दवाखाना, कुणी नवख्यांना खोली आणि काम शोधून द्यायचं, कुणी गरिबांच्या अंत्यविधीचं बघायचं. सगळ्या चांगल्या, पण सगळ्या त्याच चाळीस-पन्नास व्यापाऱ्यांच्या दारात. गणपतीत एकाच गल्लीत तीन मंडळांची पावती पुस्तकं येतात आणि काउंटरवर बसलेल्या माणसाचा चेहरा कसा होतो, ते तुम्हाला सांगायला नको.

यावर १८९५ मध्ये बोस्टनमधल्या ज्यू संस्थांनी एक तोडगा काढला. वर्गणी सगळ्यांनी मिळून एकदाच मागायची, पैसा एका पेटीत टाकायचा आणि मग कुठल्या संस्थेला किती हे एका समितीने ठरवायचं. पुढच्याच वर्षी सिनसिनाटीने तेच केलं आणि मग शहरामागून शहर. यालाच फेडरेशन म्हणतात. आज उत्तर अमेरिकेत अशी दीडशेच्या आसपास फेडरेशनं आहेत.

देणाऱ्याचा फायदा उघड आहे, वर्षातून एकदाच त्रास. पण खरा फायदा वाटपाच्या बाजूला झाला. पैसे हवे असतील तर प्रत्येक संस्थेला समितीपुढे आपला हिशेब ठेवावा लागायचा. समितीत बसलेली माणसं पगारी नव्हती. ती गावातलीच व्यापारी, वकील, डॉक्टर मंडळी. धंदा करणाऱ्या माणसाला आकड्यातली गडबड पटकन दिसते, त्यामुळे संस्थांना वह्या नीट ठेवायची शिस्त लागली.

या सगळ्याच्या मुळाशी एक शब्द आहे, ‘त्झदाका’. आपण त्याचं भाषांतर दान असं करतो, पण हिब्रूत त्याचा संबंध न्याय या शब्दाशी आहे. म्हणजे देणारा उपकार करत नाही, देणं फेडतो. कित्येक ज्यू घरांत एक छोटा डबा असायचा, ‘पुश्के’ म्हणतात त्याला. शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथच्या मेणबत्त्या लावण्याआधी त्यात चार नाणी टाकायची. घरातली लहान मुलंही टाकायची. आपल्याकडे रयत शिक्षण संस्थेसाठी बायकांनी जात्यावर बसताना मूठभर धान्य बाजूला काढलं, तो मुष्टिफंड आठवा. रक्कम किरकोळ, पण देण्याची सवय घरात रुजते. धंद्याच्या भाषेत सांगायचं तर ग्राहक आधीच तयार असतो, संकटात फक्त ऑर्डर घ्यायची असते.

मागायचं कसं

आपल्यापैकी नव्वद टक्के लोकांचं घोडं इथेच अडतं. (हा आकडा माझ्या वर्गातल्या हात वर करण्यावरून, सर्वेक्षण वगैरे काही नाही.) मागायची लाज वाटते. मग आपण व्हॉट्सॲपवर एक लांबलचक मेसेज टाकतो, ‘यथाशक्ती मदत करावी’ असं लिहितो आणि कोणी काही पाठवलं नाही की लोकांना नावं ठेवतो.

फेडरेशनच्या पद्धतीत यथाशक्ती हा शब्दच नाही. तिथे वर्षातून एक रविवार ठरलेला असतो, सुपर संडे म्हणतात. त्या दिवशी स्वयंसेवक एका हॉलमध्ये बसून दिवसभर फोन करतात. फोन करणाऱ्याने स्वतःची देणगी आधीच दिलेली असते, हा नियम. म्हणजे तो ‘तुम्ही द्या’ म्हणत नाही, ‘मी दिलेत, तुम्हीही द्या’ म्हणतो. या दोन वाक्यांत किती फरक आहे, मोठ्याने म्हणून बघा. शक्य तिथे ओळखीच्या माणसालाच फोन करायचा, आणि मोठी रक्कम मागायची असेल तर तेवढीच देणाऱ्या बरोबरीच्या माणसाने जाऊन भेटायचं. समोर गेल्या वर्षीच्या देणगीची नोंद असते. मागताना आकडा बोलायचा. ‘गेल्या वर्षी तुम्ही शंभर दिले होते, या वर्षी दीडशे जमतील का?’ समोरचा हो म्हणेल, नाही म्हणेल किंवा सव्वाशेवर येईल. काहीही झालं तरी उत्तर मिळतं.

पूर्वी याचा एक कडक प्रकारही होता. मोठ्या जेवणाच्या कार्यक्रमात सगळ्यांसमोर एकेकाचं कार्ड वाचलं जायचं, आणि त्याने उभं राहून आपली रक्कम जाहीर करायची. पैसा जमायचा, यात शंका नाही. मला मात्र हा प्रकार पटत नाही. ज्याचं वर्ष वाईट गेलंय त्याने चारचौघांत काय बोलायचं? आपल्याकडे लग्नात आहेर माईकवरून पुकारतात, त्यातला प्रकार. तो करू नका.

दुसरी गोष्ट, शब्द आणि रोकड यांतला फरक. फेडरेशनला बहुतेक लोक आधी आकडा सांगतात, पैसे नंतर देतात, कधी हप्त्याने. सांगितलेल्यापैकी काही रक्कम येतच नाही, हे तिथे गृहीतच धरतात. उधारीवर माल विकणाऱ्याला हे वेगळं समजावायला नको. संकटात मात्र रोकड लागते. म्हणून आणीबाणीच्या वेळी फोनवरचा प्रश्नच बदलतो. ‘किती देणार?’ ऐवजी ‘आज किती पाठवू शकता?’

आणि आता या लेखातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. संकटाचा निधी नेहमीच्या निधीत मिसळायचा नाही. १९६७ च्या युद्धाच्या वेळी अमेरिकेतल्या ज्यू संस्थांनी ‘इस्रायल इमर्जन्सी फंड’ नावाची वेगळी पेटी उघडली. देणगीदाराला सांगितलं गेलं की तुमची नेहमीची वार्षिक देणगी आहे तशी द्या, आणि त्याच्यावर ही वेगळी. ऑक्टोबर २०२३ मधल्या हल्ल्यानंतर ५० कोटी डॉलरचं उद्दिष्ट ठेवून मोहीम निघाली, तीही अशीच वेगळी होती. त्या युद्धाबद्दल तुमची-माझी मतं काहीही असोत, मी इथे फक्त पैशाच्या व्यवस्थेबद्दल बोलतेय. कारण काय, तर शहरातल्या म्हाताऱ्या माणसांचा रोजचा डबा युद्धामुळे थांबत नाही. अपंग मुलांची शाळा थांबत नाही. उलट अशा काळात सिनेगॉगच्या दारात पहारेकरी ठेवायचा खर्च वाढतो. सगळ्यांनी नेहमीची देणगी उचलून संकटात घातली, तर सहा महिन्यांनी गावातली संस्था बंद पडते, आणि तेव्हा टीव्हीवर बातमीही नसते.

हेच तुमच्या दुकानात. वडिलांच्या आजारपणाला दुकानाच्या गल्ल्यातून पैसे काढले आणि सीझनचा माल भरायला काही उरलं नाही, अशा गोष्टी माझ्या प्रत्येक बॅचमध्ये किमान दोघं सांगतात. बीबीएच्या तीन वर्षांत मला वर्किंग कॅपिटलची व्याख्या पाठ करून घेतली, पण दोन पेट्या वेगळ्या ठेवा हे एवढ्या सोप्या शब्दांत कुणी सांगितलं नाही.

वाटायचं कुणी

पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा, ऑगस्ट १९१४ मध्ये, तुर्कस्तानातले अमेरिकेचे राजदूत हेन्री मॉर्गेंथॉ यांनी न्यूयॉर्कला तार केली. पॅलेस्टाइनमधल्या ज्यू लोकांवर उपासमारीची वेळ आली आहे, ५० हजार डॉलर लागतील. पैसे जमले, पाठवले गेले. पण युद्ध वाढत गेलं तशी गरजही वाढली. आता अमेरिकेतले ज्यू काही एकजीव नव्हते. जर्मनीतून आधी आलेले श्रीमंत बँकर आणि व्यापारी वेगळे, कर्मठ धार्मिक मंडळी वेगळी, कारखान्यात राबणारे समाजवादी कामगार वेगळे. एकमेकांशी फारसं पटत नव्हतं. तिघांनी आपापल्या तीन समित्या काढल्या.

त्यांनी जे केलं ते मला फार शहाणपणाचं वाटतं. ‘आपण सगळे एक होऊया’ वगैरे भाषणात वेळ घालवला नाही. गोळा करताना वेगळे राहिले, कारण धार्मिक माणूस धार्मिक माणसालाच देणार आणि कामगार कामगारालाच. पण वाटप एकत्र. त्यासाठी जी संस्था निघाली तिच्या नावातच ते आहे, ‘जॉइंट डिस्ट्रिब्यूशन कमिटी’, म्हणजे संयुक्त वाटप समिती. ती आजही चालू आहे, लोक तिला नुसतं ‘जॉइंट’ म्हणतात. आपल्या मुंबईतल्या ज्यू समाजातही तिचं काम आहे.

पिट्सबर्गमध्येही वाटपाचा प्रश्न आलाच. ६३ लाख डॉलर. कुणाला किती? ज्याच्या घरातलं माणूस गेलं त्याला, हे सोपं. गंभीर जखमींना, हेही ठीक. पण जे आत लपून वाचले त्यांना? ज्या पोलिसांनी गोळ्या झेलल्या त्यांना? इमारतीच्या डागडुजीला? फेडरेशनने हे स्वतःच्या हातात ठेवलं नाही, एक स्वतंत्र समिती नेमली. समितीने संबंधितांचं म्हणणं ऐकून घेतलं आणि २०१९ च्या मार्चमध्ये वाटप जाहीर केलं. सर्वात मोठा वाटा मृतांच्या कुटुंबांना आणि गंभीर जखमींना, मग आत अडकलेल्यांना, पोलिसांना, तिन्ही मंडळांना. देणाऱ्याला आपला पैसा कुठे गेला ते कळलं.

हे मी इतकं ताणून का सांगतेय? कारण याच्या उलटं काय होतं ते मी कोकणात डोळ्यांनी बघितलंय. २२ जुलै २०२१ ला चिपळूण, महाड पाण्याखाली गेलं, तेव्हा मदत अक्षरशः धावून आली. टेम्पो भरभरून धान्य, चादरी, झाडू, फिनेल. आमच्या ओळखीच्या एका गटाने बाहेरगावच्या लोकांकडून दुकानदारांसाठी रोख रक्कमही जमवली, एकाच्या वैयक्तिक खात्यावर. नाव लिहीत नाही. त्या पैशातून काही दुकानांना मदत झाली, हे खरं. किती जमले, किती वाटले, कुणाला का मिळाले आणि शेजारच्याला का नाही, हे आजतागायत कळलेलं नाही. मी दोनदा विचारलं, दोनदा उत्तर मिळालं, ‘ताई, सगळं व्यवस्थित झालंय.’ कदाचित झालंही असेल. पण पुढच्या पावसाळ्यात एका टपरीवाल्याच्या ऑपरेशनसाठी त्याच लोकांनी मागितलं, तेव्हा पुण्या-मुंबईच्या मंडळींनी फोन उचलले नाहीत. भोगलं कुणी? टपरीवाल्याने.

देणगी की कर्ज

धंदेवाल्यांनी हा भाग सोडू नका.

बाराव्या शतकात मायमोनिडीस नावाचे मोठे ज्यू पंडित होऊन गेले, पेशाने वैद्य. त्यांनी दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या आहेत. सर्वात खालची पायरी कुरकुरत देणं. देणाऱ्याला घेणारा माहीत नाही आणि घेणाऱ्याला देणारा माहीत नाही, हे खूप वरचं. पण सर्वात वरची पायरी ते नाही. सर्वात वरची पायरी म्हणजे माणसाला कर्ज देणं, भागीदारीत घेणं किंवा काम मिळवून देणं, म्हणजे त्याच्यावर पुन्हा मागायची वेळच येऊ नये.

न्यूयॉर्कमध्ये १८९२ साली ‘हिब्रू फ्री लोन सोसायटी’ सुरू झाली ती याच कल्पनेवर. सुरुवातीचं भांडवल ९५ डॉलर. हातगाडीवाले, शिंपी, फेरीवाले यांना पाच-दहा डॉलरची बिनव्याजी कर्जं. तारण नाही, पण जामीनदार हवा, जो म्हणेल की याने नाही दिले तर मी देईन. परत आलेला पैसा पुढच्याला. ही संस्था आजही चालू आहे आणि अशा संस्था बऱ्याच शहरांत आहेत. न्यूयॉर्कला २०१२ मध्ये सँडी वादळ आलं, पुढे कोविड आला, तेव्हा तिने छोट्या व्यावसायिकांना बिनव्याजी कर्जं दिली. विचार करा, दान केलेला रुपया एकदाच वापरला जातो, फिरता रुपया दहा दुकानांतून जाऊन परत येतो.

पण प्रत्येक ठिकाणी कर्ज हे उत्तर नाही. कोविडमध्ये अमेरिकेतल्या ज्यू संस्थांची जी तारांबळ उडाली तिच्याकडे बघा. तिथल्या शहरांत ‘जेसीसी’ म्हणजे ज्यू समाज केंद्रं असतात. आपल्या जिमखान्यासारखं समजा, त्यात बालवाडी, पोहण्याचा तलाव, उन्हाळी शिबिरं, वृद्धांचे कार्यक्रम. यांचा मोठा खर्च देणग्यांवर नाही, फीवर चालतो. मार्च २०२० मध्ये कुलूप लागलं आणि फी थांबली. म्हणजे ना-नफा संस्था असूनही संकट अगदी दुकानदाराचंच: गिऱ्हाईक नाही, पगार आणि भाडं चालू. तेव्हा काही मोठ्या ज्यू फाउंडेशननी आणि फेडरेशनच्या संघटनेने मिळून ८ कोटी डॉलरच्या वर निधी उभा केला, आणि त्यात दोन खिसे ठेवले. एकात बिनव्याजी कर्ज, दुसऱ्यात अनुदान.

हा फरक वहीत लिहून ठेवा. पैसा अडकलाय आणि काही महिन्यांनी येणार आहे, तर कर्ज घ्या. पैसा बुडालाय आणि येणारच नाही, तर कर्ज घेऊ नका, मदत मागा किंवा खर्च कापा. पुरात भिजलेला माल ही बुडालेली गोष्ट आहे. त्यासाठी व्याजाने पैसे उचलले तर तुम्ही त्या मालाची किंमत दुसऱ्यांदा देताय.

मॅडॉफचा धडा थोडक्यात सांगते. डिसेंबर २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या बर्नार्ड मॅडॉफला अटक झाली. गुंतवणुकीच्या नावाखाली तो वर्षानुवर्षं नव्या लोकांचे पैसे जुन्यांना देत होता. तो स्वतः ज्यू, समाजात मान, त्यामुळे कितीतरी ज्यू संस्थांनी ठेवी त्याच्याकडे दिल्या होत्या. ‘आपला माणूस’ म्हणून. मॅसॅच्युसेट्समधल्या रॉबर्ट लॅपिन यांच्या छोट्या फाउंडेशनला तर लगेच टाळं लावावं लागलं. पण पुढचं ऐका. कर्मचाऱ्यांच्या निवृत्तीचा पैसाही त्यात गेला होता. लॅपिन यांनी स्वतःच्या खिशातून ५० लाख डॉलर घालून तो भरून दिला. आणि फाउंडेशन दरवर्षी मुलांना ज्या सहलीला पाठवायचं, ती चालू राहावी म्हणून गावातल्या लोकांनी वर्गणी काढली. ठेवी बुडाल्या, पत बुडाली नाही.

आपल्या मातीतलं

हे सगळं परदेशातलं, आपल्याला काय, असं वाटत असेल तर रायगडात या. रोहेकर, पेणकर, किहीमकर, नवगावकर ही आडनावं बेने इस्रायली ज्यू लोकांचीही आहेत. तेल गाळायचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणायचे. घरात बोलणं मराठीत, कीर्तनंही मराठीत. पुण्याचं ससून रुग्णालय ज्यांच्या देणगीतून उभं राहिलं ते डेव्हिड ससून बगदादहून मुंबईत आलेले ज्यू व्यापारी. आणि हिटलर सत्तेवर आल्यावर, १९३४ मध्ये, मुंबईत ‘ज्यूइश रिलीफ असोसिएशन’ स्थापन झाली. जर्मनी, ऑस्ट्रियातून जीव वाचवून आलेल्यांना इथे उभं राहायला तिने मदत केली. एवढ्याशा समाजाने.

आज भारतात हा समाज काही हजारांवर आला आहे. बरेच जण इस्रायलला गेले, पण तिथेही ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक निघतं. म्हणजे गाव सुटलं तरी यादी सुटली नाही. तुमच्या गावातून पुण्या-मुंबईला, दुबईला गेलेली माणसं आहेत ना? त्यांचे नंबर कुणाकडे आहेत?

आता कामाचं

तुमच्या बाजारपेठेत वीस दुकानं असतील तर एवढं या महिन्यात होऊ शकतं. दर महिन्याला प्रत्येकी शंभर रुपये, वर्षाचे चोवीस हजार. फार नाही, पण कुणाचं शटर तुटलं, कुणाचा फ्रीज जळला तर पहिल्या दिवशी हातात द्यायला पुरेसे. खातं दोघांच्या सहीचं असावं, कुणा एकाचं वैयक्तिक नको. वाटप ठरवणाऱ्या तिघांपैकी एक जण बाजारपेठेबाहेरचा ठेवा, निवृत्त शिक्षक किंवा बँकेतून निवृत्त झालेले काका उत्तम. मदत कर्ज म्हणून द्यायची की अशीच, याचा नियम आत्ताच लिहून ठेवा. संकट आल्यावर नियम बनवायला बसलात तर भांडण ठरलेलं.

बाहेरून वर्गणी मागायची वेळ आली तर मेसेज असा असू द्या: ‘नमस्कार दादा, काल रात्री आपल्या बाजारातल्या सहा दुकानांत पाणी शिरलं. प्रत्येकाला आठ दिवसांत दुकान उघडायला साधारण पंचवीस हजार लागतील. मी स्वतः दोन हजार दिलेत. तुम्हाला आज दोन हजार जमतील का? कुणाला किती दिले ती यादी महिनाअखेरीला पाठवते.’ किती दुकानं, किती पैसे, कधीपर्यंत, मी किती दिले, हिशेब कधी, सगळं पाच ओळींत. आणि हा मेसेज ग्रुपवर टाकू नका, एकेकाला पाठवा, त्याआधी फोन करा. रकमा अर्थातच तुमच्या परिस्थितीप्रमाणे बदला.

कायद्याचं बघून घ्या. नोंदणीकृत ट्रस्ट नसताना लोकांकडून धर्मादाय कामासाठी वर्गणी गोळा करायची असेल, तर महाराष्ट्रात धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगी लागते. गणपती मंडळं कलम ४१ क खाली घेतात तीच. गावातल्या एखाद्या जुन्या मंडळाच्या खजिनदाराला विचारा, त्याला सगळी प्रक्रिया तोंडपाठ असते. देणगीदाराला करात सवलत हवी असेल तर तशी मान्यता असलेल्या ट्रस्टमार्फतच पैसे घ्या, आणि दोन हजारांवरची रक्कम रोखीने घेऊ नका, रोखीवर त्याला सवलत मिळत नाही. परदेशी नागरिकाचे किंवा परदेशी संस्थेचे पैसे घ्यायचे असतील तर प्रकरण वेगळं आहे. त्याला एफसीआरएची नोंदणी आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेत खातं लागतं. अमेरिकेतला मामा अजून भारतीय पासपोर्टवर असेल आणि स्वतःच्या कमाईतून नेहमीच्या बँकिंग मार्गाने पाठवत असेल तर तो यात येत नाही. नागरिकत्व घेतलं असेल तर येतो. म्हणून पैसे यायच्या आधी एकदा सीएला फोन करा, आल्यानंतर नको.